वैशालीचा जुना कर्नल

तुम्हाला सांगते, अर्धवट ऐकलेलं लई वाईट. परवा शेजारची वैशाली फोनवर म्हणत होती, "जुना कर्नलच बरा होता. नवा आल्यापासून आवाजच बंद. मी परत जुन्याकडं..." पुढचं ट्रॅक्टरच्या आवाजात गेलं.

मी तडक तिच्या आईला गाठलं. "मंगल, पोरीचं मिल्ट्रीवाल्याशी जमलंय गं!"

मंगल घाबरलीच. रविवारी पिंपरी पेंढारचे पाहुणे पोरगी बघायला येणार होते. तिनं वैशालीला बोलावलं.

वैशाली पोट धरून हसली. "काकू, कर्नल म्हणजे लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स सॉफ्टवेअरचा गाभा! नवा टाकल्यापासून गेमचा आवाज येईना."

"मग फोनवर कोण व्हतं?" मंगलनं विचारलं.

वैशालीचं हसू थांबलं. "ओतूरचा संदीप. मिल्ट्रीत नाय, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पण आई, पाहुण्यांना नको म्हणून कळव."