एन्झाइम मेलेलं नव्हतं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी मित्रहो, दुसऱ्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान आणि कन्या, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळा सहायक ताई,

विभागप्रमुख म्हणून मी चार गोड शब्द बोलावेत, अशी अपेक्षा आहे. कागदावर लिहूनही आणलेत. पण ते वाचायचा मला धीर होत नाही.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या ज्या शोधाचा गौरव केला, त्याची हकिकत ऐका. बावीस वर्षांपूर्वी ताईंच्या नळीतल्या एन्झाइमचं काम रोज दुपारपर्यंत मंदावायचं. बर्फाबाहेर ठेवून तुम्ही ते मारलंत, असं मी साऱ्या विभागादेखत म्हणालो. ओतून टाका म्हटलं. वर निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीदही दिली, अगदी झोकात सही ठोकून.

ताईंनी ते ओतलं नाही. बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून दोन दिवस द्रावणात बुडवून ठेवलं, द्रावण बदलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, हे मेलेलं नव्हतं. ह्याला काहीतरी चिकटलं होतं."

काय चिकटलं होतं? त्या एन्झाइमनेच तयार केलेला एक चिमुकला रेणू. तोही काम चालतं त्या जागी नव्हे, भलतीकडेच, पाठीमागे. तो तिथे बसला की एन्झाइमचा आकार जरासा बदलायचा आणि काम मंदावायचं. सुटला की पुन्हा सुरू. माल पुरेसा झाला की हात आवरायची ही पेशीची सोय. पिशवीच्या छिद्रांतून तो चिमुकला रेणू बाहेर निसटला, मोठं एन्झाइम आतच राहिलं आणि पुन्हा कामाला लागलं. हे सगळं त्या पिशवीमुळे कळलं, आणि पिशवी ताईंची होती.

मी शोधनिबंध लिहिला, एकट्याच्या नावाने. शेवटी ताईंचे आभारसुद्धा मानले नाहीत. मानले असते, तर ताकीद मागे घ्यावी लागली असती ना! त्या ताकिदीपायी ताईंची बढती दोनदा अडली. दोन्ही वेळा समितीत मी होतो आणि मूग गिळून बसलो. आज त्यांच्या मुलीकडे बघायची मला लाज वाटते.

सकाळी ताकीद रद्द केली. शोध ताईंचा आहे, असं नियतकालिकालाही कळवलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याचा त्यांना काय उपयोग, हे मलाही समजतं.

आयोजकांनी बोलू दिलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं. ताईंची माफी मात्र मी इथे मागणार नाही. मागितली, तर एवढ्या लोकांसमोर त्यांना "असू दे, सर" म्हणावं लागेल. तेवढं तरी आज त्यांच्यावर नको.