पणजोबांची प्रार्थना

सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटाची बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. उल्का रांगेत ताटकळत होती. मागे नॅशनल सर्व्हिसमधून, सक्तीच्या लष्करी सेवेतून, सुटीवर आलेला तन्मय आणि त्याचे आजोबा; दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“पाच दिवस जंगलात, आजोबा! सुपर टफ, लाह!”

“माझ्या बाबांची अख्खी डिव्हिजन महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढली. पण घरी अवाक्षर काढायचे नाहीत. तू सांग!”

“अंधार पडायला लागला की स्टँड-टू. सगळे रायफल घेऊन, झाडीकडे तोंड करून गप्प. एनिमी तेव्हाच येतो ना.”

“झाडीकडे तोंड?”

“येस. खोकायचंसुद्धा नाही.”

“अरे! बाबा रोज दिवेलागणीला परसात अस्सेच उभे राहायचे! आंब्यांकडे तोंड करून! आम्हाला वाटायचं, देवाचं करतायत. कुणी हसलं की आईचा धपाटा!”

“प्रेयर नाही, आजोबा! स्टँड-टू!”

“मग हलायचं कधी?”

“सार्जंट ‘स्टँड डाउन’ म्हणाला की.”

“बरोबर! अगदी बरोबर! आई चुलीपासून हाक मारायची, ‘अहो, या आता, वाढलंय!’ तोवर हलायचे नाहीत रे.”