झाडलेलं अंगण

(मोचुदी गावातलं एक अंगण. दुपारचे दोन. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून आडवा टाकलेला ओंडका. दाराची खालची फळी लावलेली, वरची उघडी.)

आई : तिथंच थांबा, बाई. ओंडका दिसतोय ना?

बाई : दिसतोय. गुडघे गेलेत माझे, डोळे नाही. शनिवारी मयताला जाऊन आलेय, बाळंतिणीच्या खोलीत कशाला शिरू? इथंच स्टूल दे.

आई : हे घ्या. पण उगाच उन्हातान्हात आलात. दोघी झकास आहेत. ज्वारीची पेज दोन वेळा, गरम पाण्याचा शेक, आणि नातीला तर मी खाली ठेवतच नाही. जरा हूं केलं की उचललं.

बाई : कुणी उचललं?

आई : मीच की. पोरीला विश्रांती नको?

बाई : चौथीतली टोपली आठवते तुला?

आई : कुठली टोपली?

बाई : पेलोनोमीनं हस्तकलेच्या तासाला आणलेली. ताडाच्या पातीची. वीण अशी घट्ट, की पाणी भरावं. नऊ वर्षांच्या बोटांना तसली वीण येत नसते.

आई : टोचत होतं हो तिला. बोटं सोलवटली होती.

बाई : दहापैकी सात गुण दिले होते मी. तुला.

आई : मला? आणि तीन कुठं गेले?

बाई : तिच्या हातातून काढून घेतलीस, त्याचे कापले. जा, चहा टाक. मी चार शब्द बोलते हिच्याशी.

आई : बोला. पण बाळ आत्ताच झोपलंय. रडलं की हाक मारा, मी आलेच.

बाई : पेलोनोमी.

पेलोनोमी : ओ.

बाई : हजेरी लागली. अजून शाळेतल्यासारखीच ओ देतेस.

पेलोनोमी : नावानं हाक मारलीत ना, म्हणून. महिनाभर सगळे म्मा-लेसेदी म्हणतायत. लेसेदीची आई. मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.

बाई : झोप लागते का?

पेलोनोमी : आई म्हणते झोप. मी डोळे मिटून पडते. बाई, चारची गाबोरोनची बस अजून सुटते का?

बाई : सुटते. का गं?

पेलोनोमी : काही नाही. सहज.

बाई : तुझ्या मागे खुंटीला पिशवी आहे. ती सहज आहे का?

पेलोनोमी : तुम्हाला तिथून दिसतं?

बाई : चाळीस वर्षं मागच्या बाकावरचं बघत आलेय. दे इकडे. ओंडक्यावरून दे, मी काही आत येत नाही.

पेलोनोमी : आईला सांगू नका.

बाई : आधी दे तर. ...ही तर हलकीच आहे. पोरी, हिच्यात काहीच नाही.

पेलोनोमी : काय घ्यायचं ते सुचलं नाही.

बाई : रिकामी पिशवी घेऊन कुणी गाबोरोनला जात नाही. सरळ विचारते, सरळ सांग. मी घाबरणार नाही आणि रागावणारही नाही. मरून जावं असं वाटतं का तुला?

पेलोनोमी : मरावं असं नाही. म्हणजे... नसावंच. कुणीतरी फळा पुसावा तसं.

बाई : त्यासाठी काही करायचं ठरवलं होतंस?

पेलोनोमी : बसमध्ये बसायचं. पुढचं ठरवलं नव्हतं. पुढं काही दिसतच नव्हतं.

बाई : आणि बाळाचं? तिला काही करावं असं येतं मनात?

पेलोनोमी : नाही! तिचं काय चुकलंय? ती आईपाशी गप्प राहते. माझ्याकडे दिली की पाठ ताणते, लाल होते. तिला कळतं, बाई. मी तिच्याकडे बघते आणि मला काही म्हणजे काहीच वाटत नाही. असली आई काय कामाची?

बाई : अंगात ताप असला की तोंडाची चव जाते. म्हणून कुणी त्या माणसाला वाईट म्हणतं का?

पेलोनोमी : मला ताप नाहीये. आईनं बघितला.

बाई : हा हात लावून कळत नाही. बाळंतपणानंतर मनालाही ताप येतो. बऱ्याच जणींना येतो. औषधपाणी असतं त्याला. दवाखान्यातल्या सिस्टर गाओनेंना मी आत्ता फोन लावणार आहे. त्या आज येतील, तुझ्याशी एकटीशी बोलतील. तोवर मी या स्टुलावरून उठत नाही. आणि हे आईपासून लपवायचं नाही. ते तू सांगतेस की मी सांगू?

पेलोनोमी : तुम्ही सांगा. तुम्हाला कुणी पाठवलं?

बाई : लेसेदीच्या बापानं, ओतेंगनं.

पेलोनोमी : खोटं. तो एकदाही आलेला नाही. एकोणतीस दिवस झाले.

बाई : हे तुला कुणी सांगितलं?

पेलोनोमी : सांगायला कशाला हवं? आत यायची बंदी आहे, अंगणात यायची तर नाही ना? रोज सकाळी मी या दारातून बघते. एक पाऊल नसतं. नुसतं कोऱ्या पाटीसारखं झाडलेलं—

आई : चहा आणलाय. काय झालं?

बाई : ओतेंगची पावलं कुठं जातात, ते विचारतेय तुझी लेक.

आई : ...चहा गार होईल.

पेलोनोमी : आई?

आई : झाडायलाच लागतात. रात्ररात्र गुरांचा ट्रक हाकतो तो, कुठकुठल्या वाटा तुडवून येतो. तसली पावलं कोवळ्या बाळाला बाधतात. माहीत नाही का तुला?

पेलोनोमी : म्हणजे तो येतो?

आई : संध्याकाळी येतो, तुझं दार लावल्यावर. त्या मोरूलाच्या झाडाखाली बसतो तासभर. मी म्हणते, झोपलीय ती. मग जातो.

पेलोनोमी : रोज?

आई : रविवारी दोनदा. माग्विन्याचे तळलेले गोळे आणतो, तुला आवडतात म्हणून. आता बाळंतिणीला तेलकट कसं देऊ? वाया जाऊ नयेत म्हणून मीच...

बाई : तरीच तुझे गाल वर आलेत.

आई : हसा, हसा.

बाई : काल तो माझ्या दारात येऊन बसला. तिसरीत पाढा विसरला की बसायचा तसा, खाली मान घालून. म्हणाला, "बाई, बाळ रडताना ऐकू येतं, पण पेलोनोमीचा आवाजच येत नाही. ती भांडी घासतानासुद्धा गायची." बोलता बोलता डोळे मिटत होते त्याचे. तोही झोपत नाही. अशात ट्रक चालवायचा म्हणजे... मी त्याला दोन दिवस रजा टाकायला लावलीय.

पेलोनोमी : आई, मला वाटलं त्यालासुद्धा कळलं. मी कसली आहे ते.

आई : कसली म्हणजे? काय बोलतेय ही, बाई?

बाई : बस. ही पिशवी बघ. ही घेऊन तुझी लेक चारच्या बसनं जाणार होती. परत न येण्यासाठी.

आई : परत न... म्हणजे? पण मी तर तिला काडी उचलू दिली नाही! काय कमी केलं मी?

बाई : काही कमी नाही केलंस. मनाचा ताप आहे हा, मी सिस्टर गाओनेंना फोन करून बोलावतेय. ऐकलंस? बाळ उठलं.

आई : सरका, सरका, मी घेते.

बाई : थांब.

आई : दारात आडवी धरलेली ती तुमची काठी बाजूला घ्या, बाई. लेकरू रडतंय.

बाई : रडू दे थोडं. टोपली तिची आहे. पेलोनोमी, घे तिला. पडल्या पडल्या घेतलीस तरी चालेल.

पेलोनोमी : ती नाही राहणार माझ्याकडे. बघा, ताणतेय. बघा!

बाई : ताणू दे. बोल तिच्याशी.

पेलोनोमी : गाणं येत नाहीये मला.

बाई : गाणं कुणी मागितलं? काहीही बोल. पोटात नऊ महिने तुझाच आवाज ऐकलाय तिनं. शब्द तिला कुठं कळतायत?

पेलोनोमी : काय बोलू... लेसेदी. लेसेदी, चारची बस. मोचुदीच्या स्टँडवरून सुटते. मग पिलाने. मग मोर्वा. मग ऊडीचा फाटा. मग फाकालाने...

आई : अजून रडतेय, बाई.

बाई : तू श्वास घे.

पेलोनोमी : ...मग गाबोरोन. मग तीच बस परत फिरते. फाकालाने. ऊडीचा फाटा. मोर्वा... आई, हिनं माझं बोट धरलंय.

आई : गप्प झाली?

पेलोनोमी : नाही. मुसमुसतेय. पण माझ्याकडे बघतेय.

बाई : आजच्यापुरतं तेवढं पुष्कळ आहे.

आई : बाई, मी पावलं उगाच नाही झाडत.

बाई : माहीत आहे मला.

पेलोनोमी : काय माहीत आहे?

आई : तुझ्याआधी एक मुलगा होता मला. दोन महिन्यांचा होऊन गेला. तुझे वडील एकदा न राहवून खोलीत आले होते त्याला बघायला. सगळे म्हणाले, बापाच्या पावलानं गेला.

पेलोनोमी : मला कधी सांगितलं नाहीस.

आई : काय सांगायचं? तुझ्या वडिलांनी पुन्हा तुला मांडीवर घेतलं ते तू चालायला लागल्यावर.

बाई : छातीत कफ भरला होता त्या बाळाच्या. आणि पाऊस इतका, की दवाखान्याकडे गाडी जाईना. मी होते गावात. पावलाचं त्यात काही नव्हतं.

आई : आता म्हणताय.

बाई : हो. तेव्हाच यायला हवं होतं मी. या गावात नवी होते, वाटलं आपण कोण बोलणार. तुला तेव्हा कुणी विचारलं, कशी आहेस म्हणून?

आई : कोण विचारणार? सकाळी उठून अंगण झाडायची. दुपारी परत झाडायची. झाडत राहिलं की बरं वाटायचं.

पेलोनोमी : आई, तू आत ये ना. हिला घ्यायला नको. नुसती माझ्याजवळ बस.

आई : येते. चहा तरी घे आधी, केव्हाचा गार होतोय. बाई, तुम्ही फोन लावा सिस्टरना. आणि ओंडका मी काढणार नाही, आत्ताच सांगते.

बाई : कुणी काढायला सांगितलं? ओंडका राहू दे. पण ओतेंग आला की स्टूल कुठं ठेवू, एवढं सांग. मोरूलाखाली, की इथं, ओंडक्याला लागून?

आई : ...इथं ठेवा. बोलू दे त्यांना. मी आत पाठ करून बसेन.

पेलोनोमी : आणि सकाळी?

आई : सकाळी बाकीचं झाडेन. फाटकापासून इथपर्यंतची वाट तेवढी राहू देईन.