म्हसोबाम्होरं दिलेल्या शिव्या

व्हय, दिल्या शिव्या! पर देवाला न्हाई, मांजराला दिल्या. आमच्या भावकीतला त्यो किसना गावभर सांगत सुटलाय, मी म्हसोबाला शिव्या दिल्या म्हणून. त्याला काय ठावं?

तू आईक गड्या. म्हसोबाला निवद न्यायचा तर मुक्यानं न्यायचा, ही आमच्या घरची रीत. वाटंत बोललं की निवद बाटला. म्हसोबा आमच्या गोठ्यामागंच हाय. बायकुनं पुरणपोळीचं ताट हातात दिलं, आन तिची लाडाची चिंगी मांजर लागली की माज्या पायात घुटमळायला. घरात बी तसंच करती, पर तवा मी वरडतो. आता वरडू कसं? दात खाऊन चाललो. डोळं वटारलं, तर ती म्हणली, "म्यांव."

म्हसोबाच्या पायरीवर पाय टाकला, आन ती नेमकी त्याच पायाखाली. मी आडवा, ताट पालथं. मंग जे तोंड सुटलं माजं! किसना आला तवर चिंगी पोळी घिऊन पसार, आन मी गुडघ्यावर, देवाकडं तोंड करून शिव्या देतुया.

आता बायकू म्हणती, "देवाची माफी मागा, त्याबिगर जेवाय वाढायची न्हाई."

मी म्हणलं, "आगं, मांजराला दिल्या शिव्या!"

तर म्हणती, "मंग आधी तिची मागा."

सकाळधरनं उपाशी हाय मी. त्यो चहा ठेव खाली, ऊठ, आन माज्यासंगं घरी चल. तुजं ऐकती ती. मला वाढाय सांग तिला.