डबा म्हणायचा, मिळाले
मी येलदरीची, धरणाखालच्या वस्तीतली. बाप जाळं टाकायचा, माय जिंतूरच्या बाजारात मासे इकायची, अन मीबी तेच करायलेय. लगीन जिंतूरातच झालं. मालक आधी जाळ्यावर जायचा, मंग कंबर दुखायलीय म्हणून बसला तो बसलाच, पर ती कंबर पत्ते खेळताना कव्हा दुखली न्हाई. असू द्या. पैसा मपल्या कनवटीला होता, तवर माणूस गुमान राहायचा.

मंग काय सांगू तुमाला, बाजारात कंपनीचा माणूस आला. गळ्यात कार्ड, पायात चकचकीत बूट, चिखलात पाय ठिवायला भ्यायचा. मावशी, म्हणला, देश पुढं चाललाय, आता नगद कोण घेऊन फिरतंय. नाकाला रुमाल लावून मला देश सांगायलाय. मपला फोन साधा. घरात मोठा फोन कुणाकडं हाय म्हणला, तर मालक बाजूलाच उभा. झालं. मालकाच्या खात्याला समदं जोडलं, मपल्या टोपलीला तो चौकटीचा कागद चिकटवला, अन एक बोलायचा डबा ठिवला. म्या इचारलं, मला पैसा कसा भेटंल? म्हणला, मावशी, घरातच तर जायलाय.

गिऱ्हाइक कागदापुढं फोन धरायचं अन डबा वरडायचा, दोनशे रुपये मिळाले. कुणाला मिळाले? मासा म्या कापला, हात मपले रगतानं भरलेले, अन पैसा तिकडं टपरीवर पत्ते पिसणाऱ्याच्या फोनात. डबा वरडला की तिथूनच मान हलवायचा, जसं काय त्यानंच मासा धरला. बर्फवाल्याला द्यायला मागितलं तर म्हणायचा, संपले. मही पोरगी सुनीता परभणीला नर्सिंग करती, तिची फी भरायला गेले तर खातं झाडून पुसून रिकामं. मी रडले न्हाई. ज्याच्यापुढं रडायचं त्याची तेवढी लायकी पायजे.

सुनीताला बोलावून घेतलं. दोघी बँकेत गेलो, मपल्या नावाचं खातं काढलं. मायच्या पाटल्या मोडल्या, फी भरली, मोठा फोन घेतला. सुनीतानं मपल्या खात्याचा नवा कागद आणला अन जुन्यावर चिकटवला.

त्या बाजारी गिऱ्हाइक लय, पर डबा मुका. मालक टपरीवर कान लावून बसलेला, दुपारी उठून आला. डबा बिघडला का गं? म्या म्हणलं, डबा चांगलाय, गिऱ्हाइकबी चांगलंय, फकस्त तुमचं खातं उतरलं टोपलीवरून. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. तो फोनकडं बघत उभा राहिला अन गेला.

आता चहापुरते देते, दोन टाइम जेवायला घालते. दारातल्या कुत्र्यालाबी घालतोच की आपण. सुनीताचं शेवटचं वर्ष हाय. परवा तो बूटवाला परत आला, म्हणला, मावशी, धंदा जोरात हाय, आता फोनवरच कर्ज भेटंल. म्या म्हणलं, आधी मासा घे, नगद दे. निघून गेला, चिखल चुकवत.

देव दोघांचंबी भलं करो, पर मपल्या टोपलीपासून लांब ठिवून करो.