पिशवीतली शेळी

एक होती म्हातारी, एक तिची सून सखू आन एक गाभण शेळी चंद्री. म्हातारी म्हंजी मीच. चंद्रीपासून शेळ्यांचं खांड वाढलं, तर सखूला ऊस तोडाया जावं लागणार न्हवतं. नेमकी तीच त्या सकाळी डोंगरात हरवली.

तेवढ्यात डोंगरावरून एक पोरगी उतरली. पाठीवर डोक्याहून उंच पिशवी.

"कुठली गं तू?"

"पुण्याची, आजी. आठवडाभर डोंगराडोंगरानं चालतेय."

"कावून? एसटी बंद हाय का?"

"मजा म्हणून."

मजेसाठी कोण उन्हात एवढं वझं वाहतं? वर तिच्या बाहीला चंद्रीचे तांबडे केस! म्हनलं, "खोल पिशवी."

अंगणात भांडं निघालं, चूल निघाली, तंबू निघाला. शेळी न्हाई.

"मग हे केस?"

"वर एक शेळी पिशवीचे पट्टे चाटत होती. माझ्या घामाचं मीठ लागलंय ना! हाकलली, तर करवंदीच्या जाळीत शिरली."

माझा काय इश्वास बसंना. "सखू, हिचा हात सोडू नको," म्हनलं, अन तिघी वर गेलो. पोरीनं जाळीम्होरं रिकामी पिशवी ठेवली. चंद्री बाहेर आली अन पट्टे चाटाया लागली. मागं जाळीत दोन वली पिल्लं!

पिल्लं मी पिशवीत घातली, तशी सखू हसाया लागली. "आत्याबाई, मघाशी हिच्या पिशवीत शेळी हुडकत होता, आता तुमीच भरताय की!"

दोन्ही माद्या निघाल्या. आज दारात खांड हाय, अन यंदा सखू घरीच हाय.