कुणाचं रक्त, कोण जाणे

— नाही नाही, खाटेवर नको. ती खुर्ची ओढा. आणि खुर्चीसुद्धा जरा लांबच — हां, तिथे. राग मानू नका जावईबापू, तुम्ही आंघोळ करून आलात हे दिसतंय मला, केस ओले आहेत अजून, पण कोंबड्यांच्या दुकानात दिवस काढणाऱ्या माणसाचा वास साबणाने जातो का? नाही जात. मी नाही म्हणत, माझं नाक म्हणतं. तर काय सांगत होतो — ही पिशवी. तुम्हीच बघा तिच्याकडे, मला मळमळतं. कुणाचं रक्त आहे हे? सिस्टरला विचारलं, तर म्हणते, ‘आजोबा, तुमच्याच गटाचं आहे, तपासलेलं आहे.’ अहो, गट विचारला का मी? माणूस विचारला! कोण तो, काय करतो, नखं कुरतडतो का, शिंकताना तोंडावर रुमाल धरतो का. ‘ते आम्हालाही नसतं माहीत,’ म्हणते. म्हणजे बघा हं — हॉटेलातला चमचा मी आपल्या रुमालाने पुसल्याशिवाय कधी तोंडात घातला नाही, आणि इथे कोण कुठला अख्खा माणूस माझ्या शिरेत ओतताहेत! शी.

हसू नका. हसताय तुम्ही, दिसतंय मला. चष्म्यांच्या दुकानात जन्म गेला माझा. दुरुस्तीला चष्मा येतो ना, तो एकटा येत नाही. नाकावरच्या गाद्यांखाली हिरवट थर, काडीच्या टोकाला कानातला मळ, भिंगावर कसले कसले शिंतोडे — आणि माणूस समोर उभा कसा? इस्त्रीचा शर्ट, सेंटचा घमघमाट! तेव्हाच कानाला खडा लावला मी, की माणूस वरून पुसलेला असतो, एवढंच. आत काय असेल ते मनात आणायचं नाही. आणि आता आतलंच आलं की हो, पिशवीत भरून! काल एक दिली म्हणे, पण काल मी शुद्धीवर होतो कुठे? मला विचारलंच नाही कुणी. ती गेली ती गेली. ही दुसरी. आणि ही — जाऊ दे, सांगतो नंतर.

तो डॉक्टर एक शहाणा. म्हणतो, रक्त म्हणजे हमाल. छातीत हवा घ्याल हो कितीही, पण ती मेंदूपर्यंत, पायाच्या अंगठ्यापर्यंत वाहून न्यायची कुणी? हमालच उरले नाहीत तर माल दारातच पडून राहणार. म्हणून जिन्यात धाप, म्हणून हातपाय गार, म्हणून बसल्या जागी डुलक्या. बरं, इथवर ठीक. पण मग विचारतो काय — तुमच्यासमोर, लेकीसमोर, त्या झाडूवालीसमोर — ‘आजोबा, माती, खडू असलं काही खावंसं वाटायचं का?’ काय म्हणालो मी? ‘छे! भलतंच!’ म्हणालो ना? लेकीने लगेच, ‘आमचे बाबा आणि माती?’ ... आता तुम्हाला म्हणून सांगतो. गॅलरीतली कुंडी. पाणी घातलं की वास यायचा तिचा — आणि तोंडाला पाणी सुटायचं माझ्या. माझ्या! भाजी मिठाच्या पाण्यातून दोनदा काढणारा माणूस मी! आधी नुसतं बोट लावलं. मग चमचा घेतला. चमचा धुतलेला असायचा, तेवढं सांगून ठेवतो. तुम्ही एकदा विचारलंत, झाड असं कलंडलं का, आणि मी म्हणालो, मांजर उकरतं. कसलं मांजर? रक्त कमी झालं की होतं म्हणे असं, शरीर वेडंवाकडं मागायला लागतं. पण माती! दात घासून घासून हिरड्या सोलल्या मी, तरी किरकिर जायची नाही दातांतली.

आणि ते दुसरं. ते बोलायचं का? डॉक्टर म्हणाला, गुडघ्यांच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन पोटात जखम झाली, महिनोन् महिने आतल्या आत रक्त गळत होतं, सकाळी डांबरासारखं काळं दिसत असणार, तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाहीत? कुणाला सांगणार? सांगायची गोष्ट आहे ती? लेकीला फोन करायचा — ‘काय गं, जेवलीस का, आणि बरं का, आज माझं’ — शी! मी फिनेल ओतलं. डोळे मिटून पाणी सोडलं, ब्रश घेतला, घासलं. रोज. आणि उपाशीपोटी का, तर तुम्ही स्वयंपाकाला बाई लावून दिलीत, ती कणीक मळता मळता कान खाजवायची. हाकलली मी तिला. मग कधी चहा, कधी तोही नाही. घर असं चकचकीत होतं माझं! आणि मी पांढरा फटक. शेजारीपाजारी म्हणायचे, ‘काका, उजळलात हो!’ आणि मला बरं वाटायचं, आरशासमोर जाऊन बघायचो. रक्ताचा थेंब न् थेंब संडासात चालला होता आणि मी गालांवरचं तेज बघत होतो.

परवाचं मला आठवतं सगळं. तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याला शुद्ध नव्हती. थोडी होती. तुम्ही दार फोडलंत. न्हाणीघरात मी असा आडवा, तोंडातून ते सगळं, कपड्यांत ते सगळं — मीसुद्धा माझ्याजवळ थांबलो नसतो. आणि तुम्ही एक हात मानेखाली घातलात, एक गुडघ्यांखाली, आणि उचललंत! टॉवेल तरी मध्ये घ्यायचा होतात. मग तुमचा तो टेम्पो. मागे पिंजऱ्यात कोंबड्या. एक पीस माझ्या ओठाला चिकटलं, मला हात हलवता येईना, आणि मनात एवढंच — कुणीतरी काढा हो ते पीस. तुम्ही काढलंत. तुमचा शर्ट वरपासून खालपर्यंत माझ्याने भरलेला. त्या टेम्पोत सगळ्यात घाण कोण होतं? कोंबड्या नाकाला पंख लावून बसल्या असतील! आणि मी तो, ज्याने तुमच्या घरी आजवर पाण्याचा घोट घेतला नाही. दर वेळी आपलं, ‘आत्ताच पिऊन निघालो.’ लेक मान खाली घालून तो पेला परत न्यायची. जन्मभर नाकाने कांदे सोलले मी.

— काय बघताय वर? हं. थेंब पडत नाहीये. दिसलं ना अखेर? मीच बंद केलंय. ते नळीवरचं छोटं चाक आहे ना, सिस्टर बाहेर गेली तसं खाली सरकवलं. ओरडू नका! बसा! घंटा वाजवलीत तर तोंड बघणार नाही पुन्हा तुमचं. ऐका आधी. फ्रिजमधून काढलेली पिशवी काही तासांत संपली नाही की टाकून देतात म्हणे. देऊ दे टाकून. डॉक्टर म्हणतो, हे नाही गेलं तर हृदय दमेल, थांबेलसुद्धा. थांबू दे. आधी मला त्या रक्त देणाऱ्याची किळस आली, खरं आहे. मग पडल्या पडल्या विचार करत होतो — कोण असेल बिचारा? धडधाकट असेल. घाईत असेल, कामावर जाता जाता बाही वर करून देऊन गेला असेल. आणि त्याचं आलं कुठे? ह्याच्यात? ह्या सडक्या पोटात? तेही उद्या गळणार, तेही काळं होणार, त्याच्यावरही मी फिनेल ओतणार. माझीच शिसारी आली हो मला. दुसऱ्याची चांगली वस्तू नासवायची कशाला?

पोटातली जखम बंद केलीय? तोंडातून नळी घालून? कधी — काल? मला नाही कुणी सांगितलं. ... सांगितलं असेल. मी ऐकत नव्हतो. मी त्या डॉक्टरच्या नखांकडे बघत होतो.

अहो, ती बाही खाली कशाला ओढताय? थांबा. काय आहे ते कोपरात? कापूस. चिकटपट्टी. ... तुम्ही दिलंत? म्हणजे हे — ही पिशवी — तुमची? नाही? मग? हां, बदली. आपण एक द्यायची, मग रक्तपेढीने एक द्यायची. म्हणजे तुमचं अजून आहे तिथे, फ्रिजमध्ये. जाईल कुणाला तरी. आणि तोही विचारेल, कुणाचं आहे हो हे? आणि सिस्टर म्हणेल, नाही माहीत. माझ्यासारखाच एखादा असला तर! कोंबडीवाल्याचं म्हटल्यावर थयथयाट करील आणि — आणि तुम्ही तर विचारलंही नाहीत, घेणारा कोण, हात धुणारा का माती खाणारा. बाही वर केलीत आणि दिलंत.

या इकडे. खुर्ची राहू दे. या, बसा — खाटेवर, हो, खाटेवरच. ते चाक बंद करताना सरकलं, आता सरकत नाही माझ्याने, बोटांत जोरच नाही. तुम्ही सरकवा. हात धुतलेत का तुम्ही — असू दे. असू दे म्हटलं ना! कुठे निघालात धुवायला? सरकवा. हळू. ... पडला थेंब? ... पडतोय? ... गार लागतंय हो, दंडापर्यंत गार.

बरं, आता सिस्टरला बोलवा, मीच सांगतो तिला काय केलं ते, शिव्या खातो. आणि तुम्ही निघा. दुकान उघडायचं असेल. लेकीला यातलं काही बोलू नका. कुंडी मांजरानेच उकरली होती. जा.